क्रूझवरची फॉर्मल नाइट: चंद्रकळा चालते, बर्म्युडा नाही

टूरच्या पत्रकात विमान, व्हिसा, जैन जेवण सगळं ठळक छापलेलं असतं आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'फॉर्मल नाइट'. ते वाचून काही जण घाबरतात आणि नवा कोट शिवायला टाकतात. काही जण तिकडे बघतच नाहीत, आणि त्या रात्री टूरवाल्याची टोपी नि बर्म्युडा घालून डायनिंग रूमच्या दारात उभे राहतात. दोन्ही टाळता येतं. खान्देशात ज्या घरात गेल्या आठ-दहा वर्षांत एक लग्न झालंय, त्या घरच्या कपाटात फॉर्मल नाइटचे कपडे आहेतच. खरी गडबड होते ती वेळेची आणि बॅगेची.

फॉर्मल नाइट म्हणजे त्या संध्याकाळी जहाजाच्या मुख्य डायनिंग रूममध्ये जेवायला नेहमीपेक्षा नटून यायचं, बस्स. तीन ते पाच रात्रींच्या सफरीत साधारण एक, सात रात्रींच्या सफरीत दोन. बोटीवर चढतो त्या रात्री ती सहसा नसते, कारण बॅगा तेव्हा कुठे केबिनकडे निघालेल्या असतात. शेवटच्या रात्रीही नसते, कारण तेव्हा बॅगा बांधून दाराबाहेर ठेवायच्या असतात. अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या आगबोटींवरही पहिल्या आणि शेवटच्या रात्री औपचारिक पोशाखाची सक्ती नसे, कारण हेच: ट्रंका हाताशी नसत. बहुतेक वेळा जहाज दिवसभर समुद्रातच असतं तो दिवस यासाठी धरतात. दिवसभर बंदरात पायपीट करून आलेल्या माणसाला संध्याकाळी टाय बांधायला सांगणं म्हणजे जुलूमच. नेमकी रात्र कंपनीच्या ॲपवर किंवा केबिनमध्ये रोज येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेली असते. ती पत्रिका आदल्या रात्री वाचा, त्या दिवशी दुपारी नको.

आता कंपनी कोणती, यावर सगळं आहे. क्युनार्ड सगळ्यात कडक. त्यांच्या 'गाला' संध्याकाळी पुरुषांना डिनर जॅकेट (म्हणजेच टक्सिडो, बो टायबरोबर घालायचा काळा कोट) किंवा गडद सूट आणि टाय लागतो, आणि संध्याकाळी सहानंतर जहाजाच्या बहुतेक भागांत तोच नियम असतो, नुसत्या डायनिंग रूमपुरता नाही. याच्या अगदी उलट नॉर्वेजियन. त्यांनी २००० साली 'फ्रीस्टाइल' आणलं आणि सक्तीची फॉर्मल नाइट काढूनच टाकली. सेलिब्रिटीने २०१५ च्या अखेरीस फॉर्मल शब्दाऐवजी 'इव्हनिंग शिक' सुरू केलं, म्हणजे टाय ऐच्छिक. कार्निव्हल तिला 'एलिगंट' रात्र म्हणते. व्हर्जिनच्या जहाजांवर फॉर्मल काही नाही, पण एका रात्री सगळ्यांनी लाल घालायचं असतं. आपले लोक सिंगापूरहून ज्या मोठ्या जहाजांवर जातात तिथे मामला मधला असतो: सूट घातला तर छान, फुल पँट आणि कॉलरचा शर्ट असेल तरी कोणी अडवत नाही. मुंबईहून गोव्याला दोन-तीन रात्रींसाठी निघालात तर एक चांगला जोड पुरतो, त्यासाठी कोट वाहून नेऊ नका.

पुरुषांचं आधी. टक्सिडो विकत घ्यायचा नाही. भाड्यानेही नको. गडद निळा किंवा काळा सूट, पांढरा शर्ट, साधा टाय एवढं कडक जहाजावरही चालतं. लग्नातला सूट असेल तर दोन गोष्टी पाहा. तो मखमली, जरीकाम केलेला, खड्यांची बटणं असलेला असेल तर तो नवरदेवाचा कोट आहे, जेवणाच्या टेबलावर तो विनोदी दिसतो. आणि साधा असेल तर आता कमरेत बसतो का ते महिनाभर आधी घालून बघा. बऱ्याच पँटींना मागच्या मधल्या शिवणीत आत जास्तीचं कापड सोडलेलं असतं, त्यातून टेलर इंच-दीड इंच सैल करून देतो. कोटाच्या पोटावर मात्र फार काही करता येत नाही. बटण लागत नसेल तर उघडा ठेवा, ओढून लावू नका.

त्याहून सोपा उपाय म्हणजे बंदगळा. काळा किंवा नेव्ही ब्लू बंदगळा आणि त्याच कापडाची पँट हा आपला राष्ट्रीय पोशाख म्हणून धरला जातो, आणि क्युनार्डसुद्धा औपचारिक राष्ट्रीय पोशाख मान्य करतं. टायची कटकट नाही, शर्टाच्या कॉलरची इस्त्री नाही. साधी शेरवानीही चालेल. कुर्त्यावर नेहरू जॅकेट मधल्या पातळीच्या जहाजांना शोभतं, गाला संध्याकाळी ते थोडं कमी पडतं. बूट काळे, लेदरचे, बंद. कोल्हापुरी चपलेवर आपला कितीही जीव असला तरी ती इथे नको. चामडी तळ गुळगुळीत फरशीवर आणि ओल्या डेकवर घसरतो, आणि बऱ्याच डायनिंग रूममध्ये पुरुषांच्या उघड्या चपला चालत नाहीत. मोजे काळे आणि पोटरीपर्यंत लांब, म्हणजे बसल्यावर मधे पाय दिसत नाही.

बायकांचं काम तर झालेलंच आहे. साडी जगातल्या कुठल्याही फॉर्मल नाइटला पूर्ण उतरते, तिला गाऊनची जोड लागत नाही. येवल्याची पैठणी नेली तर शेजारच्या टेबलावरचे लोक उठून विचारायला येतील याची तयारी ठेवा. पण जहाज म्हणजे मंगल कार्यालय नव्हे. जहाज हलकं डुलतं, जिने बरेच आणि अरुंद असतात, उघड्या डेकवर जाणाऱ्या दारांना कधीकधी उंच उंबरा असतो. म्हणून साडी नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण इंच वर नेसा, निऱ्यांना एक पिन कमरेशी आणि एक गुडघ्याच्या थोडी वर आतून, आणि पदर मोकळा न सोडता पिनअप करा. डेकवर वारा इतका असतो की मोकळा पदर सरळ मागच्या माणसाच्या तोंडावर. टाच दोन इंचांची आणि रुंद. पेन्सिल हील लाकडी डेकच्या फटीत अडकते. साडी नेसायची सवय नसलेल्या मुलींनी शिवलेल्या निऱ्यांची साडी, अनारकली किंवा घेर कमी असलेला घागरा न्यावा. लग्नातला आठ किलोचा घागरा केबिनच्या बाथरूमच्या दारातून आत जात नाही.

आणि शाल. मे महिन्यात जळगावात पारा ४४-४५ वर असताना बॅगेत शाल टाकायचं कोणाच्या डोक्यात येईल? पण जहाजाचं थिएटर आणि डायनिंग रूम सणसणीत गार असतात. तिथे दोन तास एका जागी बसायचं असतं. पातळ पश्मिना किंवा सिल्कची स्टोल हवीच, सासू-सासरे बरोबर असतील तर त्यांच्यासाठी स्वेटरही.

काही जहाजांवर रंग ठरवून दिलेला असतो. 'व्हाइट नाइट'ला पुरुषांना काही शोधायला नको, पांढरा कुर्ता-पायजमा आपल्याकडे घराघरात आहे. जरा पुढाऱ्यासारखं दिसाल, पण चालतं. 'ब्लॅक अँड व्हाइट' संध्याकाळसाठी मात्र लोक अडतात, कारण काळं आपण लग्नकार्यात घालत नाही आणि म्हणून शिवतही नाही. बायकांनी संक्रांतीची चंद्रकळा काढावी, याहून नेमकं वस्त्र सापडणार नाही. लाल-सोनेरी रात्र असेल तर लाल पैठणी, आणखी काही बोलायलाच नको.

बॅगेकडे वळू. टर्मिनलवर मोठी बॅग टॅग लावून ताब्यात घेतात आणि ती केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. तोवर हातातल्या बॅगेत औषधं, पोहण्याचे कपडे आणि पहिल्या रात्री जेवायला जायचा एक जोड ठेवा. सूट मोठ्या बॅगेतच, पण घडी अशी: कोटाचा एक खांदा उलटा करा, दुसरा खांदा त्या उलट्या खांद्यात आत घुसवा, म्हणजे अस्तर बाहेर येतं, मग मधोमध एक घडी आणि वरून पातळ प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीमुळे कापड कापडावर घासत नाही, चुण्या कमी पडतात. पैठणीला मलमलच्या कापडात गुंडाळी करा, जरीवर घट्ट घडी नको.

इस्त्री नेऊ नका. आग लागण्याच्या भीतीने जवळजवळ सगळ्या जहाजांवर प्रवाशांच्या इस्त्र्या आणि स्टीमर तपासणीत काढून घेतात, आणि उतरताना परत देतात. कार्निव्हल, प्रिन्सेस, क्युनार्ड यांच्या अनेक जहाजांवर प्रवाशांसाठी धुण्याची खोली असते, तिथे इस्त्री मिळते. रॉयल कॅरिबियनवर ती सोय नाही, कपडे पैसे देऊन प्रेस करून घ्यावे लागतात. म्हणून केबिनमध्ये बॅग आली की पहिलं काम सूट हँगरला लावणं. बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर दहा मिनिटं सोडून सूट दाराला टांगला की वाफेने बऱ्याच चुण्या जातात. हा प्रयोग सिल्कच्या साडीवर करायचा नाही. पाण्याचा थेंब उडाला की डाग राहतो.

जळगावकडच्या लोकांना सोन्याबद्दल वेगळं सांगायला लागतं. मंगळसूत्र, बांगड्या, एक हार इथवर ठीक. सगळा डबा नेऊ नका. परदेशी सफर असेल आणि दागिने भारी असतील तर जाताना विमानतळावर किंवा बंदरावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. नाहीतर परत येताना 'हे इथूनच नेलं होतं' हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. बोटीवर दागिने केबिनमधल्या लहान तिजोरीत.

टेबलावरची भीती कपड्यांहून मोठी असते. समोर तीन काटे, दोन सुऱ्या, चमचे. नियम एकच: बाहेरून आत. जो पदार्थ आधी येईल त्याला सगळ्यात बाहेरचं हत्यार. ब्रेडची बशी तुमच्या डावीकडची, पाण्याचा पेला उजवीकडचा. गोल टेबलावर इथे हमखास चूक होते आणि एकाने शेजाऱ्याचा पाव उचलला की सगळं टेबल चुकतं. नॅपकिन मांडीवर. मधेच उठायचं असेल तर तो खुर्चीवर ठेवा. खाऊन झालं की काटा आणि सुरी एकमेकांशेजारी समांतर ठेवा, दोन्ही वेगवेगळे पसरून ठेवले तर वेटर समजतो अजून जेवण चालू आहे आणि ताट उचलत नाही. आपली माणसं ताट का उचलत नाही म्हणून वाट बघत बसतात, ते यामुळे.

मेनूकार्ड हातात आलं की अर्ध्या टेबलाचं 'हाई काय शे भो?' सुरू होतं. वेटरला विचारा, त्याचं कामच ते आहे. मुख्य डायनिंग रूममधलं बहुतेक जेवण भाड्यात धरलेलं असतं. एकाऐवजी दोन स्टार्टर मागवले तरी चालतं, काही आवडलं नाही तर बदलून देतात. ज्या मोजक्या पदार्थांना जादा पैसे पडतात त्यांच्यासमोर किंमत छापलेली असते. शाकाहारी, जैन, लसूण-कांद्याशिवाय हे बुकिंग करतानाच कळवायचं, आणि पहिल्या रात्री हेड वेटरला पुन्हा सांगायचं. उद्याचं भारतीय जेवण तो आज रात्रीच लिहून घेतो. फॉर्मल नाइटला आयत्या वेळी 'पनीरचं काहीतरी करा' म्हटलं तर सॅलड येतं. पोळी किंवा नान हाताने तोडून खाल्ली तर त्यात काहीही गैर नाही. पण घरून कळण्याची भाकरी आणि ठेचा नेऊ नका. घरी केलेले पदार्थ बहुतेक जहाजं चढू देत नाहीत, कारखान्यात सीलबंद केलेली पाकिटं साधारणपणे चालतात.

ठरलेल्या वेळेचं टेबल असेल तर पहिली पंगत साडेपाच-सहाची, दुसरी आठ-साडेआठची. वेळ जहाजाची धरा, फोनची नाही. फोन बंदराच्या टॉवरवरून वेगळीच वेळ पकडतो. कॅप्टनच्या स्वागत समारंभात हातात वाइनचा ग्लास देतात, ज्यूस मागितला तर तोही त्याच ग्लासात मिळतो. फोटोग्राफर जिन्यापाशी पडदा लावून उभे असतात. फोटो काढून घ्यायला पैसे नाहीत, विकत घ्यायला आहेत, तेव्हा खुशाल काढा. टिप रोजच्या रोज माणशी साधारण १६ ते २० डॉलर खात्यावर लागत असते, टेबलावर वेगळी ठेवायची सक्ती नाही.

मुलांना कोटाची गरज नाही. कॉलरचा शर्ट, फुल पँट, बंद बूट.

नटायचंच नसेल तर बुफे उघडा असतो, रूम सर्व्हिस असते. तिथेही ओल्या कपड्यांत, अनवाणी जाता येत नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून ठरलेल्या वेळेपर्यंत दाराबाहेर ठेवायच्या असतात, साधारण रात्री दहा-अकरापर्यंत. त्या थेट बंदरावर भेटतात. उत्साहाने सगळंच बॅगेत भरून टाकणारे प्रवासी प्रत्येक सफरीत निघतात आणि सकाळी नाइट ड्रेस आणि फॉर्मल बूट अशा वेशात इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहतात. सकाळचा शर्ट, पँट, चपला आणि पासपोर्ट आधी पलंगावर काढून ठेवा, मगच चेन लावा.