एक खेप, दीड खेप

इंदुरात आमच्या गल्लीत ‘नळ आला’ असं कोणी म्हणत नाही. ‘नर्मदा आली’ म्हणतात. ती एक दिवसाआड येते, पहाटे, तासभर. तेवढ्यात गच्चीवरच्या पाचशे लिटरच्या दोन टाक्या भरायच्या.

शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी हवं, असं सरकारी माप आहे. खेड्यात 55. गावचा माणूस कमी मळतो की काय, कोण जाणे! आम्ही चौघं, हजार लिटर दोन दिवसांना; म्हणजे माणशी 125. मापाच्या जवळच की. तरी दुसऱ्या दिवशी दुपारीच टाकीत खडखडाट. शेवटी एक दिवस मोजायलाच बसले.

अंघोळ एक बादली, वीस लिटर. पिणं-स्वयंपाक मिळून माझ्या वाट्याचं सहा. इथवर मी अगदी काटकसरी बाई होते. पण आमच्या फ्लशची टाकी जुनी, एकदा दाबली की दहा लिटर गडप. आणि पाणी गाळणाऱ्या आरओची, नको असलेलं पाणी बाहेर टाकणारी ती बारीक पांढरी नळी! आजवर सिंकमध्ये सोडून निर्धास्त होते. त्या दिवशी बादलीत सोडली. इकडे पाच लिटरचा डबा भरला, तिकडे बादली पाऊण झाली.

सासूबाई ओट्याशी उभ्या राहून माझी गंमत बघत होत्या. इथल्याच रामबागेतल्या त्यांच्या माहेरी आडाचं पाणी, हिशेब खेपांचा. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, ही एक खेप. म्हणाल्या, ‘‘लिटर कुणी बघितलंय? मान भरून आली की पाणी पुरे.’’

1978 साली नर्मदा इंदुरात आली आणि मानेचं ते माप गेलं. निमाडातल्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर, तेही घाट चढून माळव्यावर यायचं म्हणजे खेप केवढी! पण ती पंप घालतात, आपली मान मोकळी. ते सिंकमध्ये गेलेलं पाणीही एवढा घाट चढूनच आलेलं, हे बादलीकडे बघताना पहिल्यांदा डोक्यात आलं.

आता नळीखाली बादली असते. फरशी, फडकी, फ्लश त्यावर भागतं. टाकी वाजायची वेळ दुपारवरून संध्याकाळवर गेली. बाकीचा हिशेब चिरंजीवांच्या शॉवरपाशी अडलाय. तिथे बादली चालत नाही, दाराबाहेरून गाणी मोजावी लागतात. काल तिसरं गाणं सुरू झालं, तेव्हा सासूबाईंनीच कडी वाजवली.