सांगलीच्या मंगल कार्यालयात रबराचं विमान

चातुर्मासात लग्नं नाहीत, मंगल कार्यालयं ओस पडलेली. मेव्हण्याच्या ओळखीनं विश्रामबागेतला एक हॉल सकाळचे चार तास स्वस्तात मिळाला, म्हणून रबराच्या पिळावर उडणारं माझं मॉडेल विमान बंद छताखाली जास्तीत जास्त वेळ हवेत ठेवून बघायला पुण्याहून पहाटेची एसटी धरली. पंख सुटा करून थर्माकोलच्या खोक्यात बसवला होता, तरी पेठ नाका ते आष्टा खोका मांडीवरून खाली ठेवायचा धीर झाला नाही. विमान पेनीप्लेन या वर्गातलं, म्हणजे रबर सोडून किमान ३.१ ग्रॅम, पंखांची लांबी जास्तीत जास्त १८ इंच. एक खड्डा पुरे.

फोनवर उंची ‘वीस फूट’ सांगितली होती. दोऱ्याला हेलियमचा फुगा बांधून मोजली तर तुळईखाली साडेसतरा, आणि फॅन त्याहूनही चार-पाच फूट खाली लोंबणारे. फुगा न्याच. फॅनच्या पात्यावर विमान अडकलं की त्याच दोऱ्यानं हळूच सोडवता येतं. आम्ही दोनदा सोडवलं.

छत बुटकं असलं की सगळी लढाई रबराच्या पहिल्या झटक्याशी. पीळ भरत आला की शेवटच्या शंभरेक पिळांत टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, सरसरून चढतो आणि विमान तडक तुळईला जाऊन भिडतं. माझी पहिली दोन तशीच भिडली. मग भीतीनं ९०० पीळच दिले. छत वाचलं, पण विमान लवकर खाली. जमलं ते असं: जवळजवळ पूर्ण पीळ भरायचा आणि थोडा उलटा सोडायचा. पीळ सोडताना टॉर्क फार झपाट्यानं उतरतो. पीळ भरताना १०५० वर जेवढा असतो त्याहून १२०० वरून १०५० वर आल्यावर कमी भरतो. पीळ तेवढेच, झटका कमी.

माझी रबराची पट्टी २.२ मिमी रुंद, तिला गाठ मारून केलेला लूप ४० सेंमी. तसाच एक लूप घरी मुद्दाम तोडून पाहिला होता, १३५० ला तुटला. हॉलवर रबर सिलिकॉन तेलानं ओलं करून पाचपट ताणलं, निम्मे पीळ तिथेच दिले, उरलेले एकेक पाऊल पुढे येत. वाइंडर, म्हणजे पीळ भरायचं हातयंत्र, एका फेऱ्याला १५ पीळ देणारा, म्हणजे १२०० पिळांना ८० फेरे. मग १० फेरे उलटे. टॉर्क मोजणाऱ्या मीटरचा काटा निम्म्याच्या आसपास आला. गाठ मारताना पट्टी थुंकीनं ओली करा, नाहीतर कोरडं रबर घासून गाठीपाशीच तुटतं.

आल्याआल्या पूर्ण मोटर, म्हणजे रबराचा अख्खा लूप, लावू नका, ही चूक मी केली. १० सेंमीचा लूप घ्या आणि उरलेल्या पाऊण रबराच्या वजनाची काडी त्याला जोडा. टॉर्क तोच, चढ साधारण चौथाई. विमान चार फुटांवर गेलं की पूर्ण मोटरवर सोळा धरायचे.

नंतरच्या एका उड्डाणाला राखणदार मामांना दया आली. “केवढा घाम आलाय वो, फॅन लावतो की!” नको म्हणेपर्यंत बटण दाबलं गेलं आणि विमान स्टेजच्या पडद्यात. शेपटी बदलून परत उडवलं: ५ मिनिटं १२ सेकंद, उतरल्यावर २३० पीळ शिल्लक. म्हणजे लूप लांब होता. पुढच्या वेळी ३७ सेंमी. आणि फॅनच्या बटणांवर चिकटपट्टी.