साखळी धरून देवदूतांच्या ओट्यावर

डोंगर चढायला मिळणार की नाही, हे आदल्या दिवशी दुपारी ४ वाजता ईमेलने कळतं, असं याआधी कधी झालं नव्हतं. युटा राज्यातल्या झायन नॅशनल पार्कमध्ये एंजल्स लँडिंग नावाचा कडा आहे. त्याचा शेवटचा अर्धा मैल इतका अरुंद, की चढणारे आणि उतरणारे एकाच साखळीला लोंबकळत समोरासमोर अडकून राहायचे. म्हणून १ एप्रिल २०२२ पासून तिथे परमिट लागतं आणि ते लॉटरीने मिळतं. अर्जाचे ६ डॉलर, आणि नंबर लागला तर माणशी आणखी ३. आमचा लागला. भाचा उड्या मारत आला, "मावशी, लागला! सकाळी ९च्या आतला स्लॉट!" खरं सांगायचं तर नसता लागला तरी माझी हरकत नव्हती. फोटो बघून बसले होते ना.

ऑक्टोबरचे शेवटचे दिवस. या दिवसांत दरीत खासगी गाडी नेता येत नाही, शटलनेच जायचं. ग्रोटोच्या थांब्यावर उतरलो तेव्हा व्हर्जिन नदीकाठचे कॉटनवूड पिवळेधमक झाले होते आणि थंडीने बोटं आखडली होती. पूल ओलांडला की लगेच वाट चढायला लागते. सुरुवातीचा भाग नुसता दमवणारा, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मग दोन कड्यांमधली एक घळ लागते. तिथे ऊन फारसं पोचत नाही, म्हणून तिचं नाव रेफ्रिजरेटर कॅन्यन. भर उन्हाळ्यात जाणाऱ्यांना ती स्वर्ग वाटत असेल, मी मात्र जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

घळ संपली की समोर वॉल्टर्स विगल्स. उभ्या कपारीत बसवलेली २१ वळणं, एकाच्या डोक्यावर एक. पार्कचे पहिले सुपरिंटेंडंट वॉल्टर रूश यांचं नाव त्यांना दिलंय. ही वाट १९२६ साली तयार झाली. मी मोजायचं ठरवलं आणि माझी १९च भरली. "दोन दम खाताना गेली," भाचा म्हणाला.

वर स्काउट लुकआउट नावाची ऐसपैस जागा आहे. परमिट नसलेल्यांनी इथूनच परत फिरायचं. रेंजरने आमचं परमिट पाहिलं, बुटांकडेही एक नजर टाकली. पुढे कड्यावरून पडून माणसं दगावली आहेत, हे सांगणारी पाटी आहे. भाच्याने तिचा फोटो काढला. मी ती दोनदा वाचली.

आणि मग साखळ्या. खडकात गज ठोकून त्यांतून ओवलेल्या, हाताला बर्फासारख्या लागणाऱ्या. लोकांच्या पावलांनी दगडात खळगे पडले आहेत, त्यांत पाय ठेवत वर सरकायचं. चढाची मला तितकीशी भीती वाटली नाही. चढताना नाकासमोर खडक असतो, हातात साखळी असते, करायला काम असतं. माझी गाळण उडाली ती पहिला चढ संपल्यावर, जवळजवळ सपाट जागेवर. तिथे कडा अगदी चिंचोळा होतो, दोन्ही बाजूंना शेकडो फूट पोकळी. शरीराला कसलेच कष्ट नाहीत, त्यामुळे मन मोकळं, आणि मोकळं मन फक्त खाली बघतं. मी सरळ बसकण मारली.

समोरून उतरणारे एक आजोबा साखळी सोडून बाजूच्या खडकाला टेकून उभे राहिले. "सावकाश या," एवढंच म्हणाले. माझ्यामागे तोवर पाचसहा जण थांबले होते, पण कोणी घाई केली नाही. भाचा पुढून म्हणाला, "मावशी, दरीकडे बघू नकोस. साखळीची पुढची कडी बघ." कड्या बघत बघत, निम्मी रांगत, मी तो भाग पार केला. डौल वगैरे कशाला सांगू!

पायाखाली सारखी रेती चुरचुरत होती. हा नवाहो सँडस्टोन म्हणजे ज्युरासिक काळातल्या अफाट वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या. वाऱ्याने वाळूचे थर तिरपे रचले, पुढे त्यांचा दगड झाला. ते तिरपे पट्टे कड्यांवर आजही दिसतात. आता त्याच दगडाची झीज होऊन परत वाळू होते आणि गुळगुळीत उतारावर बुटाखाली छऱ्यांसारखी घरंगळते. इथे घसरायला पाऊस पडायलाच हवा असं नाही.

माथा समुद्रसपाटीपासून ५,७९० फुटांवर, दरीच्या तळापासून १,४८८ फूट उंच. १९१६ साली फ्रेडरिक फिशर नावाच्या मेथडिस्ट पाद्रीने खालून हा कडा बघून म्हटलं होतं, की यावर फक्त देवदूतच उतरू शकेल. त्यावरून हे नाव. देवदूत दिसले नाहीत. खाण्याला सोकावलेल्या धिटुकल्या खारी मात्र भरपूर, पिशवीची चेन उघडण्याआधीच हजर.

पण एक पक्षी दिसला. आमच्या खालून, म्हणजे खरोखर खालून, पंख न हलवता तरंगत गेला, आणि त्याच्या पंखावरचा नंबराचा बिल्ला आम्हाला वरून दिसला. कॅलिफोर्निया काँडोर. पंखांचा विस्तार साडेनऊ फूट. १९८२ मध्ये जगात यांची संख्या २२ वर आली होती. पुढे उरलेले सगळे पकडून पिंजऱ्यात वाढवले आणि पिल्लं पुन्हा रानात सोडली. उडणाऱ्या पक्ष्याची पाठ मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. तेवढा वेळ उंचीचा विसर पडला.

उतरताना भाचा माझ्या खाली, मी खडकाकडे तोंड करून. "डावा पाय खाली. अजून. अजून थोडा. हां, आता टेक." याला चालायला शिकवताना मी बहुधा असंच काहीतरी बोलले असणार. त्या चिंचोळ्या जागी परत आलो तेव्हा एक मुलगी खाली बसलेली होती, चेहरा पांढराफटक. मी बाजूच्या खडकाला टेकून उभी राहिले. "सावकाश ये," म्हटलं.

२१ वळणांनी गुडघ्यांचा पुरता हिशेब घेतला. ग्रोटोला नळावर बाटल्या भरल्या, हात दोनदा धुतले. शटलमध्ये बसल्यावर तळवे हुंगून पाहिले, लोखंडाचा वास अजून तसाच होता. भाच्याने स्वतःचेही हुंगले आणि म्हणाला, "माझेही."