रोल संपवायला काढलेले फोटो

आमच्या धंद्यात पूर्वी एक वाक्य दिवसातून दहादा कानावर यायचं, "शेवटचे दोन-तीन फोटो रोल संपवायला काढलेत हां, ते नका काढू प्रिंट." ज्यांनी कॅमेऱ्यात कधी रोल घातलाच नाही त्यांच्यासाठी सांगतो, एका रोलमध्ये 36 फोटो यायचे आणि बारसं, मुंज, सहल काहीही असो, 30-32 वर कार्यक्रम संपायचा, मग अर्धवट रोल धुवायला द्यायला जीव व्हायचा नाही आणि तसाच ठेवला तर पुढच्या कार्यक्रमापर्यंत सहा महिने कॅमेऱ्यात पडून राहायचा. म्हणून उरलेले चार फोटो घरातच कशाचेही काढायचे. गॅलरीतली तुळस, दारातलं मांजर, भांडी घासणारी आई, पेपर वाचणारे आजोबा. त्यात कोणी केस विंचरलेले नसायचे, कोणी तयार नसायचं. त्या फोटोंसाठी जीव टाकणारी माणसं मी पहिल्यांदा एका दिवशी बघितली, तो दिवस सांगायचाय.

साल 2005. मी 22 वर्षांचा, ठाण्यात नौपाड्यात एका कलर लॅबमध्ये हेल्पर होतो. 26 जुलैच्या मंगळवारी काय झालं ते मुंबई-ठाण्यातल्या कोणाला सांगायला नको, सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला ते सगळ्यांना पाठ आहे, पण इकडे आमच्याकडे खाडीकाठच्या आणि खालच्या वस्त्यांमध्येसुद्धा तळमजल्यावरच्या घरांत पाणी भरलं होतं. आधी दोन दिवस लोकांनी चिखल काढला, धान्य फेकलं, गाद्या फेकल्या. फोटो आले नंतर. गुरुवारपासून एकेक जण यायला लागला, कोणाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, कोणाच्या हातात तांदळाची गोणी, आत भिजलेले अल्बम. शनिवारी सकाळी शटर उघडलं तर बाहेर सात-आठ माणसं उभी.

मालकांनी सांगितलं, आज मशीनचं काम बंद, सगळ्यांनी फोटो सोडवायचे, सोडवण्याचे पैसे कोणाकडून घ्यायचे नाहीत. आणि आमचे ऑपरेटर मामा, ज्यांनी मला हे काम शिकवलं, त्यांनी पहिली गोष्ट काय सांगितली तर ज्यांचे फोटो अजून ओले आहेत त्यांना वाळवू देऊ नका. लोक उलट करत होते, अल्बम उन्हात नाहीतर पंख्याखाली ठेवत होते, आणि वाळले की एकमेकांना चिकटलेले फोटो दगडासारखे होतात. फोटोच्या कागदावर जिलेटिन असतं, म्हणजे जेलीच म्हणा, ती पाण्याने फुगते, मऊ पडते आणि वाळताना समोर जे असेल त्याला धरून बसते. म्हणून पुन्हा स्वच्छ गार पाण्यात सोडायचं, थांबायचं, जोर लावायचा नाही. चिकट पानांचे जे अल्बम असायचे ना, वर प्लास्टिक आणि खाली गोंदाच्या रेघा, त्यातले फोटो तर शिवणाचा दोरा मागून हळूहळू सरकवून सोडवावे लागायचे.

दुपारपर्यंत लॅबमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळ्या बांधलेल्या आणि त्यावर कपड्यांच्या चिमट्यांना लटकलेली माणसं. नवऱ्या, मुंजमुलं, पहिला टीव्ही, तलावपाळीवर बोटीत बसलेली जोडपी, स्कूटरला हार घालून शेजारी उभा असलेला माणूस. ज्यांचे फोटो होते ते तिथेच स्टुलावर बसून आम्हाला प्रत्येकाची गोष्ट सांगत होते. ही माझी मावशी, ही स्कूटर दुसऱ्याच आठवड्यात चोरीला गेली, हा मुलगा आता दुबईला असतो. आम्ही ऐकायचो आणि हात चालू ठेवायचो.

त्यात एक काकू होत्या कळव्याच्या. सोबत मुलगा, इंजिनिअरिंगला असावा, पहिल्या-दुसऱ्या वर्षाला. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात तीन अल्बम आणि निगेटिव्हची पाकिटं असं सगळं होतं आणि खण पूर्ण पाण्यात. लग्नाचा अल्बम बराचसा वाचला, कारण तो ब्लॅक अँड व्हाइट, जाड कागदाचा. मी खूश होऊन काकूंना दाखवायला गेलो, तर त्यांनी नुसती मान हलवली. म्हणाल्या, "तो असू दे रे. दुसरा आहे एक. ह्यांचा. चहा पितानाचा."

तो सापडला तिसऱ्या अल्बममध्ये. चार बाय सहाचा कलर फोटो. पाण्यात सोडला, प्लास्टिक सुटलं आणि फोटो वर आला तेव्हाच मला कळलं की हा गेला. कलर फोटोत रंगाचे तीन थर असतात, सगळ्यात वर निळसर, मध्ये गुलाबी आणि तळाला पिवळा. वरचा निघाला की फोटो लाल होतो, मधला निघाला की पिवळा आणि मग कोरा कागद. या फोटोत खाली बनियन होतं, स्टीलचा पेला होता, पेला धरलेला उजवा हात होता. मानेजवळ सगळं लाल, हनुवटीला पिवळं, आणि वर जिथे चेहरा असायचा तिथे पांढरं. काकू टबावर वाकून बघत होत्या. रडल्या वगैरे नाहीत. फक्त पदराने टबाच्या कडेवरचं पाणी पुसत राहिल्या, परत परत, जिथे पाणी नव्हतं तिथेसुद्धा.

मग हळूहळू सांगायला लागल्या. 1992 साली धाकटीचं बारसं झालं, कॅमेरा काकूंच्या भावाचा, यशिका, तो दुसऱ्या दिवशी सकाळी परत न्यायला येणार होता आणि रोलमध्ये दोन फोटो शिल्लक होते. भावाने आधीच सांगून ठेवलेलं, रोल संपवून ठेव. सकाळी काका ओट्याला टेकून चहा पीत होते, दाढी वाढलेली, अंगात बनियन, आणि काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा हातात घेऊन दोनदा दाबलं. त्यातला एकच प्रिंट आला. काका 2001 मध्ये गेले, हार्ट अटॅकने. बाकीच्या फोटोंत आहेत की ते, लग्नात आहेत, बारशात आहेत, पण सगळीकडे ताठ उभे. "फोटो म्हटलं की ते कोणी दुसरेच व्हायचे," काकू म्हणाल्या. "माझा नवरा त्या चहाच्या फोटोत होता."

मी म्हटलं, निगेटिव्ह बघूया. निगेटिव्ह म्हणजे रोलची धुतलेली फिल्म, जिच्यावरून प्रिंट काढतात, ती प्रिंटपेक्षा चिवट असते, भिजली तरी नीट धुऊन टांगली तर बऱ्याचदा वाचते. त्या रोलचं पाकीट सापडलं आणि त्यावर नाव आमच्याच लॅबचं! म्हणजे 13 वर्षांपूर्वी तो रोल इथेच धुतला होता. चार-चार फोटोंच्या नऊ पट्ट्या असायला हव्यात. एकेक सोडवून धुतली, लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून दिवा असलेल्या काचेवर ठेवली. फिल्मच्या कडेला कंपनीचे आकडे असतात, ते बघत गेलो. 29, 30, 31, 32. पुढे काही नाही. आठच पट्ट्या.

मुलगा एवढा वेळ गप्प होता. तो एकदम म्हणाला, "आई, ग्रहणाचा चष्मा."

1995 च्या ऑक्टोबरात ऐन दिवाळीत सूर्यग्रहण झालं होतं, आपल्याकडे खंडग्रास, पण तेव्हा सगळीकडे तेच वेड. पोरं कोणाचे एक्स-रे तर कोणाच्या निगेटिव्ह काढून त्यातून सूर्य बघत होती. (ते अजिबात करू नये, साध्या कलर निगेटिव्हमधून उष्णतेचे किरण थेट डोळ्यात जातात, डोळा कायमचा जाऊ शकतो, तेव्हाही सांगत होते आणि आजही सांगायला हवं.) हा तेव्हा पाचवीत. त्याने खणातली हाताला लागली ती पट्टी घेतली, तिचे चार तुकडे केले, दोनावर दोन ठेवून पुठ्ठ्याला चिकटवले आणि चष्मा केला. आणि चष्मा कुठे आहे? माळ्यावर, शाळेच्या जुन्या ट्रंकेत. पाणी खिडकीपर्यंत आलं होतं, माळ्यापर्यंत नाही.

तो तसाच सायकलवर कळवा पुलावरून घरी गेला. तासाभराने आला तो पार भिजलेला, चष्मा मात्र दोन पिशव्यांत गुंडाळून शर्टाच्या आत. वहीच्या पुठ्ठ्याचा चष्मा, वर स्केचपेनने सूर्य काढलेला, दोन्ही बाजूंना कानाला अडकवायला रबरबँड, ते सुकून तुटलेले. सेलोटेप दहा वर्षांत पिवळी होऊन कडक झाली होती. मामांनी चष्मा हातात घेतला, मला म्हणाले तू धरू नकोस, आणि स्वतः ब्लेडने टेप सोडवायला बसले. अर्धा तास गेला असेल. डाव्या डोळ्याचे 33 आणि 34, त्यात बारशाचा पाळणा आणि जिलब्यांचं ताट. उजव्या डोळ्याला बाहेरच्या बाजूला 36. तोच चहाचा फोटो. पण टेप नेमकी त्याच्यावरून आडवी गेलेली आणि सोडवताना टेपबरोबर चेहरा निघून आला. मामांनी डोळ्यावरची लूप, म्हणजे बारीक बघायचं भिंग, काढून खाली ठेवली आणि थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही.

त्याच्या खाली, पुठ्ठ्याच्या बाजूला, 35 होता.

तो कोणी कधीच बघितला नव्हता. कारण प्रिंटच काढला नव्हता. प्रत्येक प्रिंटचे पैसे पडायचे, त्यामुळे लोक सांगून जायचे की चांगले असतील तेवढेच काढा, आणि ऑपरेटर निगेटिव्हवर नजर टाकून हललेला, अंगठा आलेला, डोळे मिटलेला फोटो सोडून द्यायचा. मामा 1992 मध्ये इथेच मशीनवर होते. लाइटबॉक्सवर वाकून ते म्हणाले, "हा मीच सोडला असणार. हललाय ना." आणि मग काकूंकडे न बघता, "माफ करा वहिनी." मीसुद्धा तीन वर्षांत असे किती सोडले असतील याचा हिशोब माझ्या डोक्यात तेव्हापासून सुरू आहे, तो अजून लागलेला नाही. आता तर लोक स्वतःच फोनवर तिथल्या तिथे डिलीट मारतात, हलला, उडव, डोळे मिटले, उडव, माझ्या दुकानात काउंटरसमोर उभे राहून उडवतात आणि माझा हात आपोआप पुढे जातो थांबवायला.

काकूंना निगेटिव्हमध्ये काही कळेना. त्यात सगळं उलटं असतं, केस पांढरे आणि दात काळे, वरून नारिंगी रंग. मामांनी लगेच मशीन चालू केलं, मालकांनी बंद ठेवायला सांगितलं होतं तरी. माळ्यावरच्या उकाड्याने रंग उतरले होते, मामा बटणं दाबत राहिले, थोडा निळा वाढव, थोडा लाल कमी कर, आणि स्क्रीनवर हळूहळू ओटा आला, स्टोव्ह आला, खिडकीतला उजेड आला आणि मध्ये एक माणूस, हसत, काहीतरी बोलत, उजव्या हातात पेला आणि डावा हात कॅमेऱ्यासमोर धरलेला, नको नको म्हणून. हात हललेला. पण हाताच्या वर डोळे स्पष्ट. आणि हाताला साडेतीन बोटं. करंगळी नाही, शेजारचं बोट अर्धं.

"अगं बाई," एवढंच म्हणाल्या काकू.

काका वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर होते. लग्नानंतर वर्षभरातच बोटं गेली. कंपनीने थोडेफार पैसे हातावर ठेवून विषय मिटवला. तेव्हापासून कोणी कॅमेरा काढला की डावा हात खिशात, नाहीतर पाठीमागे, नाहीतर एखाद्या पोराच्या खांद्यामागे. आम्ही सुतळीवर टांगलेले त्यांचे फोटो एकेक करून बघितले, पाळण्याजवळ, कोपिनेश्वराच्या देवळाबाहेर, मेहुण्याच्या लग्नात. एकाही फोटोत तो हात नव्हता. मुलगा म्हणाला, "मला शाळेत हाच हात धरून सोडायचे." 36 नंबरच्या फोटोत, जो काकूंनी इतकी वर्षं जपला होता, त्यातही एकच हात होता, दुसरा ओट्याखाली. म्हणजे बाईने पहिल्यांदा दाबलं तेव्हा ते बेसावध सापडले, आणि दुसऱ्यांदा दाबेपर्यंत त्यांनी हात लपवला होता.

मामांनी प्रिंट काढला पाच बाय सातचा. कात्रीने कापलेला एक कोपरा तसाच ठेवला, पांढरा. कागद मशीनमधून बाहेर आला तेव्हा गरम होता, काकूंनी तो दोन्ही तळव्यांवर घेतला आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. नंतर अंगठ्याने त्या अर्ध्या बोटावर हळूच दाबून बघितलं. मग वळून म्हणाल्या, अजून दोन काढा, एक ह्याचा, एक धाकटीचा. धाकटीला वडिलांचा हात आठवत असेल की नाही कोणास ठाऊक, गेले तेव्हा नऊ वर्षांची होती.

मामांनी तिन्ही प्रिंटचे पैसे घेतले नाहीत, मालक समोर बसलेले होते, तेही काही बोलले नाहीत. चारही निगेटिव्ह मी वेगवेगळ्या पाकिटात घालून दिल्या आणि पुठ्ठ्याचा चष्मा टेबलावर पडलेला तो कचऱ्यात टाकायला उचलला, तर काकूंनी माझं मनगट धरलं.

"तो दे इकडे," म्हणाल्या, "पोराचा आहे." आणि चष्म्याच्या दोन रिकाम्या भोकांवरचा सेलोटेपचा चिकटा नखाने खरवडत खरवडत, मुलाच्या मागोमाग पायऱ्या उतरून गेल्या.