मॅडमच्या दौऱ्याचं आधण

दौऱ्याच्या कागदावर गुऱ्हाळाला वीस मिनिटं होती. ११.१० ते ११.३०. त्याआधी ग्रामपंचायत, मग बचत गटाच्या बायकांची काकवी, आणि शेवटी जेवण. जेवणाला मात्र दीड तास.

मी तेव्हा पन्हाळा तालुक्यात कृषी सहायक होतो. जिल्ह्याहून मोठ्या मॅडम येणार म्हटल्यावर आठवडाभर आमची धावपळ चालली होती. रस्त्यातला खड्डा मुरमानं भरून घ्या, रांगोळीला माणूस बघा, नारळ सोललेला आहे ना ते बघा. हे सगळं केलं. आदल्या संध्याकाळी आणखी एक काम केलं, त्याची अजून लाज वाटते. गुऱ्हाळमालक अण्णांना बाजूला घेऊन म्हटलं, "अण्णा, पावडरीच्या पुड्या उद्या दिसायच्या नाहीत."

पावडर म्हणजे हायड्रॉस नावाचं रसायन. गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून उसाचा रस उकळायच्या काहिलीत टाकतात. त्यातून गुळात सल्फर डायऑक्साइड उतरतो आणि तो ७० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखात ७० भागांच्या, वर जाऊ नये असा नियम आहे. पण उकळत्या काहिलीपुढं काटा घेऊन कोण बसतंय? मूठ हेच माप.

"दिसायच्या न्हाईत म्हंजे घालायचीच न्हाई, का नुसतं लपवायचं?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही समजून घ्या," म्हणून मी गाडीला किक मारली. इतकं सरकारी उत्तर मी त्याआधी कधी दिलं नव्हतं.

मॅडम पाऊण तास उशिरा आल्या. सरपंचांनी फेटा पुढं केला, फोटो झाले, सगळे गुऱ्हाळात शिरले. गुळव्या मामांनी मात्र मान वर केली नाही. भेंडीचा चिकट रस नुकताच काहिलीतल्या आधणात, म्हणजे उकळत्या रसात, पडला होता आणि मळी वर येऊ लागली होती. ती वेळेवर काढली नाही तर गूळ गढूळ होतो. मी हळूच म्हटलं, "मामा, मॅडम आल्यात."

"आल्यात तर बसू द्या की. आधण उतरल्याबिगर मला हलता येत न्हाई."

सरपंचांचा चेहरा पडला. मॅडम खरंच बसल्या, चिपाडाच्या ढिगावर. वीस मिनिटं संपली, तास झाला. जेवणाच्या ठिकाणाहून माझ्या मोबाइलवर फोनवर फोन येत होते. इकडं जळव्या चुलवाणात चिपाड सारत होता आणि मामा वाफेकडं बघत त्याला नुसती बोटानं खूण करत होते, जाळ वाढव, आवर. थर्मामीटर लावला असता तर ११८ अंशांच्या आसपास दाखवला असता, पण मामांनी हात गार पाण्यात बुडवला, पाकाचा थेंब त्याच पाण्यात टाकला, त्याची गोळी वळली आणि पत्र्यावर मारली. टण्ण आवाज आला.

"उतरा!"

चार गडी धावले. काहील ओढून वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या खळग्यात, ओतली आणि सगळं गुऱ्हाळ वासानं भरून गेलं. मॅडमनी ताजा गूळ हातावर घेतला, फुंकर मारत खाल्ला आणि मग भिंतीकडं बघितलं. तिथं कालचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, मांडलेले होते, हळदीसारखे पिवळे. वाफ्यातला गूळ तांबूस, जवळजवळ विटकरी.

"कालचा पिवळा आणि आजचा असा का?"

मी तोंड उघडलं. "मॅडम, जमिनीप्रमाणे, उसाच्या जातीप्रमाणे..."

"एकाच फडातला ऊस हाय," मामा हात पुसत म्हणाले. "सगळा ९२००५ जातीचा. तुम्ही येणार म्हणून सकाळपासनं पावडर घातली न्हाई."

मॅडमनी मामांकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. मग विचारलं, "रोज का घालता?"

"सौद्यात जाऊन बघा."

गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात, फेटा नाही, रांगोळी नाही, बरोबर फक्त मी. या गुळासाठी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली, २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, हे वाटेत गाडीत मी सांगत होतो. त्या नुसत्या 'हं' म्हणत होत्या. सौद्यात व्यापारी रव्यांच्या रांगेवरून चालत गेले. थांबायचे, बघायचे, पुढं. पिवळे रवे पहिल्या नंबरात गेले. अण्णांचे आदल्या दिवशीचे, तिन्ही आधणांचे, तीन नंबरात.

"खाऊन नाही बघत?" मॅडमनी एका व्यापाऱ्याला विचारलं.

"गिऱ्हाईक डोळ्यानं घेतंय, मॅडम. माल गुजरातला जातो. तिकडं पिवळाच लागतो."

परतताना गाडीत त्यांनी मला एकच विचारलं. पुड्या लपवायला कुणी सांगितलं होतं? मी म्हणालो, मीच. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. कारवाईची नोटीस येईल म्हणून पुढचे दोन महिने मी टपालाचा प्रत्येक लिफाफा दचकून फोडत होतो. नोटीस आली नाही. महिन्याभरानं गुऱ्हाळघरांच्या मालकांची आणि व्यापाऱ्यांची एकत्र बैठक लागली, चहा झाला, दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं. तोवर हंगाम संपत आला होता आणि मॅडमची बदलीही झाली.

पुढच्या हंगामात अण्णा बाजारात भेटले. मी विषय टाळत होतो, त्यांनीच काढला.

"साहेब, परत कोण मोठं येणार असलं तर दोन दिवस आधी सांगा."

"का? तयारीला?"

"न्हाई. त्या दिवशी ऊस तोडत न्हाई."