गब्बू, भरतीची पोरं आणि पंकजदादा

गब्बू म्हणजे आमचा लॅब्रॅडॉर कुत्रा, व्हीलचेअरवरच्या पंकजदादाला मदत करायला गल्लीतली पोरं त्याला शिकवतायत. आजपासून त्याचं ट्रेनिंग पहाटे पाचलाच, हे पक्कं झालं. पारा ४४ च्या वर गेलाय, चोपड्याकडचा मे महिना म्हणजे काय ते इकडच्या माणसाला सांगायला नको, आणि लॅब्रॅडॉरला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो बिचारा जीभ काढून धापा टाकूनच थंड होतो. त्यात डांबरी रस्ता. पोरांना एकच नियम दिलाय, हाताची मागची बाजू रस्त्याला टेकवायची, पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचेही पाय भाजणार, सरळ घरी चला. पाचची वेळ पोरांना जड नाहीच, ती सगळी पोलीस भरतीवाली, यावल रोडला साडेचारलाच पळायला निघालेली असतात.

पंकजदादा माझा चुलतभाऊ. केळीचे घड भरताना गाडीवरून पडला, मणक्याला मार लागला, तेव्हापासून व्हीलचेअरवर. हात चांगले चालतात, हिशोबाला तर आमच्या घरात त्याच्यासारखा कोणी नाही, पण खाली पडलेली वस्तू उचलायची म्हटलं की हाक मारावी लागते. चष्मा पडला, काकू. चार्जर पडलं, काकू. पेन, रिमोट, टॉवेल. काकू कधी कुरकुरली नाही पण दादाच हाका मारायचं कमी करायला लागला, काही पडलं तर कोणी येईपर्यंत तसंच पडू द्यायचा, आणि ते बघून माझा जीव तुटायचा.

मग मी वाचत सुटले. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या जर्मन सैनिकांसाठी १९१६ मध्ये ओल्डनबर्गला शाळा निघाली, तिथं कुत्र्यांना रस्ता दाखवायला शिकवायचे. अमेरिकेत १९२९ मध्ये 'द सीइंग आय' ही तशीच शाळा सुरू झाली. दादासारख्या, हातापायांचा त्रास असलेल्या लोकांसाठी मात्र १९७५ मध्ये बॉनी बर्गिन नावाच्या बाईंनी कॅलिफोर्नियात काम सुरू केलं, वस्तू उचलून देणं, दार ओढणं, दिवा लावणं हे कुत्र्याला शिकवायचं. आशियात फिरताना त्यांनी अपंग माणसं गाढवाच्या आधारानं फिरून माल विकताना बघितली होती, त्यावरून त्यांना हे सुचलं म्हणे. मला हे वाचून फार बरं वाटलं. आणि सगळ्यात जास्त कामाचं काय सापडलं तर सीइंग आयनं १९४० च्या दशकातच पिल्लं वाढवायला खेड्यापाड्यातल्या फोर-एच नावाच्या मुलांच्या क्लबातल्या पोरांकडं दिली! साधी शेतकऱ्यांची पोरं. तिथंच मला वाटलं की आपल्या गल्लीत पोरं आहेत, मग अडलंय कुठं?

पैसा लागतोच, लसी, डॉक्टर, खाणं, दरवर्षीचं रेबीजचं इंजेक्शन. पण खरा लागतो तो वेळ. पाच-पाच मिनिटांचे तुकडे, दिवसातून अनेकदा, रोज, कंटाळा न करता. भरतीच्या पोरांतल्या विकीनं त्याला बॉलपेनच्या टिकटिकीवर शिकवलं. गब्बूनं चावी तोंडात धरली की टिक, आणि लगेच केळ्याचा बारीक तुकडा, केळ्याला तर आपल्याकडं तोटा नाही. आधी नुसतं नाक लावलं तरी टिक, मग धरलं तर, मग धरून ठेवलं तर, मग हातात आणून दिलं तर. "बठ", "लई ये", "सोडी दे", सगळं अहिराणीत, कारण दादा घरात तेच बोलतो. मारणं-ओरडणं अजिबात नाही. सागर पहिल्यांदा म्हणाला होता, "ताई, दोन फटके दिल्याबिगर कुत्रं ऐकतं का?" आता तोच नवीन पोरांना सांगतो की भ्यालेलं कुत्रं शिकत नाही, फक्त लपतं.

पिल्लू असताना दर्शना त्याला कडेवर घेऊन एसटी स्टँड, बाजार, लग्नाचा बँड, पोळ्याचे बैल, सगळं लांबून दाखवून आणायची. हे वय फार लवकर निघून जातं, तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत जे बघितलं त्याला कुत्रं सहसा घाबरत नाही. कांदा-लसणाचं मात्र कडक ठेवावं लागलं, दोन्ही त्याला विष, आणि खान्देशातल्या कोणत्या भाजीत ते नसतं सांगा! प्रत्येक पाहुण्याला हात जोडून सांगायचं, ताटातलं काही टाकू नका.

सध्याचा भाग सगळ्यात अवघड चाललाय. गब्बू कामं शिकला पण बघतो विकीकडं. चावी उचलली की दादाला ओलांडून विकीकडं पळतो. म्हणून आता खाणं दादाच्याच हातून, ब्रश दादाच करणार, शाबासकी दादाचीच, आणि पोरांनी त्याच्याकडं बघायचंसुद्धा नाही. विकीनं या पिल्लाला रात्र-रात्र मांडीवर घेतलंय, जुलाब झाले तेव्हा अभ्यास सोडून बसलाय. आज तो ओट्यावर मान फिरवून बसला होता, गब्बू शेपूट हलवत पुढ्यात उभा, आणि विकीचे डोळे भरले. मी म्हटलं थोडा लांब जाऊन बस. तर म्हणे, "नाही ताई, मी इथंच असून त्यानं दादाकडं जायला पाहिजे, तरच पक्कं होईल." एकोणीस वर्षांचं पोरगं! मला या पोराचा किती अभिमान वाटला ते लिहिता येत नाहीये. थोड्या वेळानं गब्बू गेला दादाकडं, गुडघ्यावर डोकं ठेवलं, दादानं केळं दिलं.

बाहेर नेणं अजून बाकी आहे. एका बँकेत वॉचमननं कुत्रं बाहेर बांधा म्हणून सांगितलं, मग दादा आत कशाला जाईल? अमेरिकेत अपंगांच्या हक्कांसाठीच्या १९९० च्या एडीए कायद्यानं अशा कुत्र्याला दुकानात-ऑफिसात सोबत नेता येतं आणि घरी शिकवलेला असला तरी चालतो. आपल्याकडंही हे व्हायलाच पाहिजे, मी यासाठी अर्ज-विनंत्या करत राहणार.

उद्या इलेक्ट्रिशियन येतोय, दादाच्या खोलीतला एक स्विच खाली घ्यायचाय, गब्बूच्या नाकाच्या उंचीवर. विकीची भरतीची फिजिकल, म्हणजे मैदानी चाचणी, जवळ आली, त्याच्या जागी अकरावीतली दोन पोरं तयार आहेत, त्यांना आधी महिनाभर फक्त बघायला बसवणार आहे.