चवथीआधीची जळमटं

बुधवार, रात्र

गणेशचवथ तोंडावर आली आणि घर झाडायला काढलं. सासूबाईंनी माळ्यावरची लांब बांबूची झाडणी उतरवली, डोक्याला पंचा गुंडाळला आणि पडवीपासून सुरुवात केली. दर वर्षी या दिवशी मी त्यांच्या मागोमाग फिरते. कुठलं जाळं रिकामं आहे आणि कुठल्यात कोणी राहतंय, हे त्यांना सांगत राहते. गोव्यात बांदोड्यातलं जुनं कौलारू घर, वासे आणि रिपा, भिंतींना पावसाची ओल, मागे कुळागर म्हणजे पोफळी-नारळाची बाग. इथे कोळी असणारच. पडवीतल्या दिव्याभोवती रात्री इतके किडे जमतात की त्यांनी दुसरीकडे जायचं कारणच नाही.

धुळीनं काळं पडलेलं, लोंबायला लागलेलं जाळं खुशाल काढा, राहतं जाळं ठेवा. देवघर आणि ओटा एवढे अपवाद. हे आता घरात सगळ्यांना पाठ झालंय. "तुझे पाहुणे चवथीला पण जायचे नाहीत का गो?" असं सासूबाई विचारतात खऱ्या, पण झाडणी मात्र बाजूनं फिरवतात.

बैठकीच्या खोलीतल्या कोपऱ्यांत लांब, अगदी बारीक पायांचे कोळी उलटे लटकलेले असतात. झाडणीचा नुसता वारा लागला की ते जागच्या जागी इतक्या जोरात थरथरतात की नजर त्यांच्यावर ठरत नाही. भक्ष्य शोधणाऱ्याला चकवायची ती त्यांची रीत. आज बॅटरी धरून जवळून पाहिलं. एका मादीनं अंड्यांचा पुंजका जबड्यात धरला होता. भोवती रेशमाचे जेमतेम चार धागे, आतली फिकट गोल अंडी एकेक करून दिसत होती. पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती पुंजका अशीच तोंडात सांभाळते. याच कुळातल्या क्रोसोप्रायझा लायोनी या कोळ्यावर थायलंडमध्ये संशोधन झालं, 1997 साली ते प्रसिद्धही झालं. विषय होता, डेंग्यू पसरवणारे डास खाणारा कोळी. पावसाळ्यात डेंग्यूच्या धास्तीनं आम्ही कुंड्यांखालच्या बशा उपड्या करतो, पिंपं झाकतो, आणि डास खाणाऱ्यालाच केराच्या सुपात भरतो. मला हे अजिबात पटत नाही.

खरा वाद न्हाणीघरातल्या मोठ्या कोळ्यावरून झाला. हंट्समन. पाय पसरले की तळहाताएवढा भरतो, त्यामुळे बघणाऱ्याच्या छातीत धस्स होतं हे मी समजू शकते. पण तो जाळं विणून बसत नाही. दिवसा कपाटामागे, दाराच्या फटीत अंग चोरून असतो आणि रात्री झुरळांच्या मागे निघतो. चपट्या अंगामुळे जिथे झुरळ शिरतं तिथे तोही शिरतो. आमच्याकडची मादी सध्या अंड्यांची पिशवी घेऊन आहे. थालीपीठ थापावं तशी गोल, चपटी, मळकट पांढरी पिशवी तिनं पोटाखाली धरली आहे आणि तिच्यासकट भिंतीवर फिरते आहे. एका पिशवीत चारशेपर्यंत अंडी असू शकतात. या दिवसांत ती शिकारीच्या मागे फारशी लागत नाही. मी स्टुलावर चढून हातभर अंतरावरून पाहिलं. डोळ्यांच्या ओळीखाली एक फिकट पट्टी, पायांवर बारीक काटे, प्रत्येक काट्याच्या बुडाशी काळा ठिपका. ती हलली नाही. फक्त पुढचा एक पाय उचलून पुन्हा टेकवला.

जाऊबाई म्हणाल्या, "पिल्लं सुटली की घरभर होतील. आणि कोळी अंगावर मुतला की फोड येतात, ठाऊक आहे ना?"

ही समजूत लहानपणापासून ऐकत आलेय आणि ती खोटी आहे. पावसाळ्यात मानेवर, गालावर सकाळी लाल चट्टा दिसतो, मग आग होते, फोड येतात. हे बऱ्याचदा एका किड्यामुळे होतं. पेडेरस त्याचं नाव. जेमतेम सेंटिमीटरभर लांब, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा, दिव्याकडे येणारा. तो चावत नाही की डंख मारत नाही. मानेवर बसलेला असताना आपण हातानं चिरडतो, मग त्याच्या अंगातला पेडेरिन नावाचा पदार्थ कातडीला लागतो. फोड यायला दिवस-दीड दिवस जातो. तोवर किडा कोणाला आठवतोय? भिंतीवर दिसतो तो कोळी, नाव त्याचं होतं. मी जाऊबाईंना सांगितलं, किडा अंगावर बसला तर फुंकर मारा, चिरडू नका, हात लागलाच तर साबणानं धुवा. हंट्समनला मुठीत दाबलं तर तो चावेल, दुखेल, थोडं सुजेल. पण जिवाला धोका होईल असं त्याचं विष नाही. त्या ऐकून घेतात, पण न्हाणीघरात जाताना मला आधी आत पाठवतात. तेवढं मी आनंदानं करते.

मादी राहिली. पिल्लांचं म्हणाल तर थोडे दिवस दिसतील, मग पांगतील. पाली आहेत, मुंग्या आहेत, आणि भाऊबंदही एकमेकांना सोडत नाहीत. चारशेंतली मोठी होणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

गुरुवार

पणजीला जाताना गाडीच्या डाव्या आरशापासून दारापर्यंत आज परत जाळं. रात्री गाडी अंगणातल्या आंब्याखाली असते, शेजारी दिव्याचा खांब. आरशाच्या काचेमागे एक कोरडी पोकळी असते, दिवसभर कोळी तिथे बसतो आणि अंधार पडला की बाहेर येऊन विणतो. बाणस्तारीच्या पुलावर वारा घुसला तेव्हा जाळं फुगलं, ताणलं, दोन-तीन धागे तुटले, पण चौकट टिकली. मधून निघणारे सरळ धागे चिकट नसतात, चिकटपणा असतो तो गोल फिरणाऱ्या धाग्याला. या जातीचे बरेच कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि त्याच प्रथिनांतून नवं विणतात. म्हणून मी गाडी धुताना आरशाची बाजू पाण्याच्या जोराच्या धारेखाली धरत नाही. काच आणि आरसा स्वच्छ हवा, त्यात तडजोड नाही. पण कापडानं तेवढाच भाग पुसता येतो.

आत डॅशबोर्डवर उड्या मारणारा छोटा कोळी असतो. त्याला मात्र लेकीचं पूर्ण संरक्षण आहे. "आई, तो माझ्याकडे बघतोय," ती आजही म्हणाली, आणि तो खरंच बघत होता. आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन मोठे, आणि बोट हललं तसा तो सगळा अंगासकट वळत होता. उडी मारायच्या आधी त्यानं पोटाचं टोक डॅशबोर्डला टेकवलं, धागा चिकटवला आणि मगच झेप घेतली. नेम चुकला तरी तो धाग्याला लटकून राहतो. कोळ्याला पाय आखडायला स्नायू असतात, पण मुख्य सांधे ताठ करायला ते नसतात. अंगातल्या द्रवाचा दाब पायांत ढकलून तो ते ताठ करतो, आणि हा दाब मागच्या पायांत एकदम वाढला की त्याची उडी होते. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशी आखडलेले दिसतात ते दाब गेल्यामुळे. हे सांगितल्यावर लेकीनं रायबंदरपर्यंत प्रश्नांची सरबत्ती लावली.

गाडी चालू असताना कोळी अंगावर आला तर मात्र सगळी माया बाजूला ठेवायची. हात झटकायचा नाही, स्टिअरिंग सोडायचं नाही, इंडिकेटर देऊन रस्त्याच्या कडेला थांबायचं. माझ्या दाराच्या खणात श्रीखंडाचा रिकामा डबा आणि एक जाड पुठ्ठा कायम असतो. वरून डबा, खालून पुठ्ठा, आणि पहिल्या झुडपापाशी सुटका. नवऱ्यालाही शिकवलंय.

कोळी गाडीचं नुकसान करत नाहीत असं मी म्हणणार नाही. 2014 साली माझ्दा कंपनीनं अमेरिकेत सुमारे 42 हजार गाड्या परत बोलावल्या. पेट्रोलच्या वासाकडे ओढला जाणारा एक पिवळा कोळी टाकीच्या हवेच्या नळीत जाळं करायचा, नळी तुंबली की टाकीत दाब घटायचा आणि टाकीला तडा जायची भीती असायची. कंपनीनं टाकीतला दाब सांभाळणारं सॉफ्टवेअर बदलून दिलं. सर्व्हिसिंगला गाडी देताना नळ्या बघायला मी आवर्जून सांगते. पण त्यासाठी आरशामागच्याला मारायची गरज मला कधी वाटली नाही.

शनिवार

माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट. तिचं सामान यायला अजून अवकाश आहे, पण विषय आजच निघाला. कवंडळं, आंबाडे, तोरिंगं, सुपारीचे शिपटे म्हणजे घोस, रानातल्या वेली हे सगळं थेट झाडावरून येतं आणि त्याबरोबर झाडावरचे राहणारेही येतात. तांबड्या मुंगीचं सोंग घेणारा एक कोळी असतो. पुढचे दोन पाय मिशांच्या जागी हलवतो, तेव्हा मुंगी की कोळी हे पाय मोजल्याशिवाय कळत नाही. तो घरात तग धरणार नाही, त्याला झाडच हवं. कुळागरात पोफळींमधून सोनेरी धाग्याचं प्रचंड जाळं विणणारी मादीही तशीच. तिला घरात आणून कोणाचंच भलं होत नाही.

म्हणून यंदा ठरलं, शिपटे आणि वेली आदल्या रात्री पडवीत सुपलीवर पसरून ठेवायच्या, सकाळी कुळागराच्या कडेला हलक्या हातानं झटकायच्या आणि मगच देवासमोर बांधायच्या. सासूबाईंनी ऐकलं, मान डोलावली. "सुपल्या दोन लागतील," म्हणाल्या, आणि शेजारून एक मागून आणायला मला पाठवलं.